साल्सा माझ्यासाठी होता

...आणि वर मलाच विचारायचे, 'आज जरा कमी केलंस का गं?' आता कमी म्हणजे काय, तुम्हाला सांगते, अर्धा अननस, अख्खी पपई, डाळिंबाचे दाणे, सगळं मुगाएवढं बारीक चिरायचं, पाठीचा काटा ढिला होतो, आणि पातेलं टेबलावर ठेवून मी नुसती हात धुवायला वळले... वळले म्हणजे काय, नळ उघडला आणि बंद केला, तर मागे पातेल्यात चमचा खडखडतोय. आणि तो साल्सा होता कुणासाठी? माझ्यासाठी. पण मी काही बोलले नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई फळांवरून काय भांडतेय. तर झालं असं, की गेलं वर्षभर माझं काही खरं नाही. ऐन थंडीत मला घाम फुटतो, मी पंखा लावते, आमचे हे दोन पांघरुणांत गुंडाळून गठुडं होऊन पडतात. झोप नाही. रडू कुठेही. परवा भाजीवाल्यानं विचारलं, 'ताई, पिशवी आणलीत का?' तर माझे डोळे भरून आले. तो बिचारा घाबरून म्हणाला, 'असू द्या, असू द्या, मी देतो.' शेवटी गेले त्या डाएटवाल्या बाईंकडे. बाई कसल्या, पोरगीच ती, पण बोलायला गोड. म्हणाली, 'काकू, वयाप्रमाणे हार्मोन्स बदलतात, घाबरायचं नाही. गोड कमी, तळलेलं बंद, आणि रोज संध्याकाळी ताज्या फळांचा साल्सा.' म्हटलं, तो काय असतो? तर म्हणे फळं बारीक चिरायची, त्यात कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू पिळायचं, वर चमचाभर जवसाची पूड. 'एक वाटी, काकू. तुमच्यासाठी.' महिन्याभरानं परत या म्हणाली, बघू झोप लागते का.

झोप, अहो. मला दुसरं काय हवंय?

आता गंमत बघा. ती म्हणाली एक वाटी. पण माझ्या हाताला एकाचं माप ठाऊकच नाही. इतकी वर्षं चौघांचं करतेय, चिरायला बसले की आपोआप पातेलं भरतं. पहिल्या दिवशी सासूबाई आल्या. 'बघू गं, मिठाला कसं झालंय... जरा कमी वाटतंय... थांब, नीट कळलं नाही, अजून एकदा बघते.' तीन वेळा बघितलं, तरी त्यांना कळेना. मग हे आले. ह्यांना चव बिव घ्यायची नसते, हे सरळ वाटीच घेऊन येतात. 'तुझ्या औषधाला आम्हीही हातभार लावतो.' मग कन्या कॉलेजातून आली, तिनं बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट फोडलं, आणि एकेका वेफरनं ती पातेलं असं उपसायला लागली, जसं काही विहिरीतला गाळ काढतेय. तिचं बघून ह्यांनी वेफर घेतला, ह्यांचं बघून सासूबाईंनी. मला काय उरलं? तळाचा रस. तो प्यायले, छान आंबटगोड लागला. मी काही बोलले नाही.

रोज हेच. एकदा डब्यात भरून फ्रिजमध्ये फ्लॉवरच्या मागे लपवला, तर सासूबाईंना नेमकी तेव्हाच कोथिंबीर हवी झाली. एकदा मिरच्या दुप्पट घातल्या. सगळ्यांच्या नाकातून पाणी, कन्या म्हणते, 'आई, आज कसला भारी झालाय.' मी आपली रात्री आढ्याकडे बघत, शेजारी हे घोरतायत. पण बोलायचं काय? खाण्यावरून घरच्यांना बोलायचं का? शोभतं का ते?

महिना झाला. हे म्हणाले, मी येतो सोबत. त्या पोरीनं विचारलं, 'काय काकू, साल्सा चालू आहे ना? फरक वाटतोय?' मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, 'अहो, प्रचंड फरक. पोट साफ, हलकं वाटतं. आम्ही रोज खातो.' ती म्हणाली, 'आम्ही म्हणजे?' हे म्हणाले, 'मी, आई, मुलगी.' मग ती माझ्याकडे वळली. 'आणि काकू, तुम्ही?'

मी म्हटलं, 'मी करते.'

बस, एवढंच म्हटलं. हे आपल्या चपलांकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. ह्यांनी फळं चिरली, तुकडे केवढाले ते विचारू नका, सासूबाईंनी मीठ न चाखता घातलं, कन्येनं जवस कुटलं. मला खुर्चीवर बसवलं आणि काठोकाठ भरलेली वाटी हातात दिली. तिघं समोर उभे. ह्यांचे डोळे ओले, कांद्यानं असतील, पण मला भरून आलं. पहिला चमचा तोंडात घातला.

आता खरं सांगू? पपई आणि कच्चा कांदा. वर ती जवसाची पूड, ओल्या भुशासारखी. अहो, घास फिरतो नुसता तोंडात. हे लोक महिनाभर मिटक्या मारत होते ते वेफर्समुळे, आणि वेफर्स मला बंद आहेत.

'कसं झालंय गं?' ह्यांनी विचारलं. इतक्या आशेनं बघत होते. म्हटलं, 'छान.'

तेव्हापासून रोज संध्याकाळी भरलेली वाटी येते. मी संपवेपर्यंत कुणी हलत नाही. काल हळूच वाटी ह्यांच्याकडे सरकवली, म्हटलं, घ्या की थोडं. तर हात जोडून म्हणाले, 'छे छे, आता एक कणसुद्धा नाही. तुझं आहे ते.'