शेजारच्या सीटपुढचा ब्रेक

नाव: माझे नाव विचारण्यात आले. विचारणाऱ्या हवालदारसाहेबांनी ते विसरावे याचे नवल वाटते. आठ वर्षांपूर्वी आमच्या गाडीवर हात बसवताना त्यांनी आमच्याच फाटकाचा खांब आडवा केला, तेव्हा घाम पुसायला फडका दिला ती बाई मीच. सगळे मास्तरीणबाई म्हणतात, तेच लिहावे. मास्तर गाडी शिकवायचे म्हणून मी मास्तरीण. अक्षर एक येत नाही.
वय: ७६, अंदाजे. धंदा: घरकाम, आणि गेली चार वर्षे ब्रेक दाबणे. पत्ता: मास्तरांच्या तक्रारीवर आहे तोच.

मी समक्ष हजर होऊन सांगते की, माझे यजमान, वय ८३, यांनी परवा मंगळवारी तक्रार दिली आहे. गॅरेजवाल्याने स्टिअरिंगच्या तेलाच्या नळीचे काम निष्काळजीपणे केले, म्हणून स्टिअरिंग अडकले आणि गाडी दवाखान्याच्या भिंतीवर गेली, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यावरून गॅरेजवाल्यास इथे आणून बसवले आहे. त्यास सगळे घुम्या म्हणतात, कारण तो बोलत नाही. तो बोलत नाही म्हणूनच मला बोलावे लागत आहे.

गाडी सव्वीस वर्षांची आहे. शिकवणी बंद करताना मास्तरांनी टपावरची पाटी काढली, पण शेजारच्या सीटपुढचा, शिकणारा चुकला की दाबायचा मास्तरांचा ब्रेक तसाच ठेवला. त्याच सुमारास ते चहा कपाच्या शेजारी ओतू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की, यांना कडेचे दिसते, समोरचे दिसत नाही, आणि हे सुधारणार नाही. मास्तर म्हणाले, चष्मा बदलला की होईल. तीन चष्मे झाले.

त्या दिवसापासून मला एकाएकी फिरायची आवड लागली. ते गाडी काढायचे, मी शेजारी बसायचे. समोर माणूस, सायकल, वळण आले की मी पदराआड पाय हळूच दाबायचे. गाडी थांबली की ते म्हणायचे, "बघितलंस? पाय अजून किती हलका आहे माझा." मी हो म्हणायचे. माझा गुडघा त्यातच गेला.

पाच महिन्यांपूर्वी गाडीखाली पुढच्या बाजूला लालसर तेलाचा डाग दिसू लागला, आणि स्टिअरिंग वळवताना गाडी कण्हू लागली. मास्तरांनी स्वतः दुरुस्ती केली, म्हणजे बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा कापून बसवला. पंधरा दिवसांत तो तेल पिऊन भिजल्या पावासारखा फुगला. मग घुम्या आला. त्याने दाखवले की, स्टिअरिंगचे तेल गार व्हावे म्हणून रेडिएटरच्या पुढून एका बारीक धातूच्या नळीतून फिरून येते, आणि ही नळी जिथे रबराच्या नळीला जोडली आहे तिथे गळते. त्याने खराब रबर कापले, तेलाला चालणारी नवी नळी घातली, दोन टोकांना स्क्रूच्या दोन पट्ट्या आवळल्या. मग पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे इतक्या वेळा फिरवले की तेलाच्या डब्यातले बुडबुडे थांबले. मी स्टूल टाकून सगळे पाहिले. कुणी शिकवले नाही, पण मास्तरांच्या घरात राहून पाहायची सवय लागते.

नळी मागवली होती ती यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस गाडी उभी होती. चार वर्षांत मला शांत झोप लागली ती त्याच आठ दिवसांत.

पुढची गोष्ट गुन्हा असल्यास तो माझा आहे. मी लोणी लावायच्या सुरीने पट्टीचा स्क्रू अडीच फेरे सैल केला. दोन दिवसांत डाग पडला, स्टिअरिंग जड झाले, मास्तर घुम्याच्या नावाने शंख करत घरी बसले. घुम्या येऊन फुकट आवळून गेला. असे तीन वेळा झाले. मास्तरांनी गल्लीभर सांगितले की या माणसाला पाना धरता येत नाही. दोन गिऱ्हाइके तुटली, हे मला माहीत होते. तरी मी थांबले नाही, हेही लिहावे.

तिसऱ्या वेळी घुम्याने स्क्रूच्या खाचेकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, "आजी, रबर आपोआप सैल होतं. स्क्रू होत नाही." मी विचारले, चहा घेतोस का. त्याने घेतला. त्यानंतर या विषयावर तो मला किंवा कुणाला एक शब्द बोलला नाही. इथेही बोलला नसावा, नाहीतर आपण मला न बोलावता सोडले नसते.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मी चौथ्यांदा सुरी घेऊन खाली वाकले, आणि खात्री असावी म्हणून तीन फेरे सैल केले. गाडी निघणार नाही असे धरून मंगळवारी सकाळी आठ वाजता गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात पायी गेले. घुम्या साडेआठला रस्त्याने जात असताना त्याला फाटकातून तेलाचे थारोळे दिसले. त्याने कुणी न सांगता पट्टी आवळली, तेल भरले, बुडबुडे काढले, फरशी पुसली, आणि खिडकीतून मास्तरांना म्हणाला, "झालंय." इतके चांगले काम त्याने केले नसते तर आज तो घरी असता. ही साडेआठची हकिकत मला मास्तरांनीच सांगितली, घुम्याला शिव्या देताना.

मास्तरांना वाटले, मला घ्यायला यावे, मी खूश होईन.

दहा वाजून वीस मिनिटांनी मी दवाखान्याच्या आवाराच्या बुटक्या भिंतीच्या आत बाकावर बसले होते. गाडी नाकासमोर सरळ आली. डावी-उजवीकडे तसूभरही झाली नाही. स्टिअरिंग अडकलेली गाडी इतकी नीट येत नाही. मास्तरांनी मान वाकडी केली होती. कडेने जे दिसते त्यात ते मला शोधत होते. ब्रेक लागला नाही. भिंत पडली, चार कुंड्या फुटल्या, मास्तरांच्या कपाळाला टेंगूळ आले. बाक भिंतीपासून तीन हात लांब होता.

माझी विनंती आहे की गाडी पाहावी. तेल सांडले आहे ते रेडिएटरपुढची नळी भिंतीवर चेपली म्हणून. पट्ट्या दोन्ही जागच्या जागी घट्ट आहेत. सुरी मी सोबत आणली आहे, फिरवून बघावे. तसेच दोन्ही ब्रेकांची रबरे पाहावीत. मास्तरांच्या पायाखालचे नव्यासारखे आहे. माझे झिजून पत्रा दिसतो.

आत येताना मास्तर दारात भेटले. म्हणाले, "माझ्याविरुद्ध जबाब देणार तू?" मी म्हटले, "विरुद्ध कशाला? शेजारी बसूनच देते, चार वर्षं बसले तशी." त्यावर गाडी चालवायचा परवाना त्यांनी स्वतः खिशातून काढून माझ्या हातात दिला, तो जोडत आहे. तो देताना त्यांना माझा हात पहिल्या खेपेस सापडला नाही.

घुम्यास आत्ता सोडावे. गल्लीत काय सांगायचे ते मी दारोदार जाऊन सांगेन. भिंतीचे काय ते माझ्या नावावर.

वरचे सगळे मला दोनदा वाचून दाखवले. पहिल्या वाचनात माझे दोन टोमणे गळाले होते, ते परत घालून घेतले. आता माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. डाव्या हाताचा अंगठा.

अंगठा उठवल्यावर सांगितले ते असे: मला ठेवून घेणार असाल तर मास्तरांना निरोप द्यावा. बटाटे सालासकट उकडावेत, अंडी उकडावीत, तेवढे त्यांना येते. तीन अंडी घुम्याला, सुटला तरी खाऊन जाईल, एक मला, मीठ वेगळे पुडीत. डबा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये. स्वतः आणावा, आणि चालत.