कोल्ह्यामागे काय आहे?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मुकेश परुळेकर, व्यासपीठावर बसलेले शिकारसामानाच्या दुकानाचे मालक यूसुफसाहेब, सत्कारमूर्ती तुळशीदास मेस्त्री, आणि इथे आखातात महबूल्यापासून जहरापर्यंत पसरलेल्या माझ्या गाववाल्यांनो, सर्वांना सुमनचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या विनिताला तुळशीदासभावजींनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "वहिनींका माईक देव नकात." तिने दिला. आता भावजी मान खाली घालून बसलेत. भावजी, घाबरू नका. परवा तुम्ही कायमचे गावी चाललात, म्हणून मला आजच बोलायला हवं.

अकरा वर्षांपूर्वी जहराच्या पुढच्या एका शेतावर माझे यजमान प्रताप कोंबड्या सांभाळायचे. कोंबड्यांना ते मराठीत दम द्यायचे, आणि त्या ऐकायच्या असं त्यांचं म्हणणं होतं. कोल्हा ऐकत नव्हता. शेवटी शेतमालक परवाना घेऊन यूसुफसाहेबांच्या दुकानात, भावजी सांभाळायचे त्या काउंटरवर गेला. त्याला रायफल हवी होती. भावजी म्हणाले, "चार किलोच्या जनावराला रायफल कशाला? गोळी मैलभर जाईल." त्यांनी छऱ्यांची बंदूक आणि मध्यम छऱ्यांची काडतुसं काढून दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकाने कोल्ह्यावर बार टाकला. एक छर्रा झावळ्यांच्या कुंपणातून पलीकडे गेला. पलीकडे प्रताप दात घासत होते.

मालकाचं पुढे काय झालं ते पोलिसांनी पाहिलं. भावजींना मात्र वाटत आलं की प्रतापला त्यांनीच मारलं. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

मी सातवी शिकलेली. एका शाळेच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालते. प्रताप गेल्यावर मी शिकारीची इंग्रजी पुस्तकं मिळवली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. कशासाठी? भावजींची चूक सापडावी म्हणून. कोल्ह्याला काय वापरावं, लांडग्याला काय, कातडं राखायचं असेल तर काय, सगळं वाचलं. फार बारीक छर्रे जनावराला नुसतं जखमी करतात आणि ते कुठेतरी जाऊन तडफडत मरतं. फार मोठे कातडं फाडतात आणि लांब जातात. कोल्ह्याला मधले छर्रे, तेही पस्तीस पावलांच्या आत. म्हणजे भावजींनी दिले तेच. मला त्याचा फार राग आला.

मग एका पुस्तकात एक ओळ सापडली. बार टाकण्याआधी सावजामागे काय आहे ते बघा. पेन्सिलीने खाली रेघ मारली आणि बस धरून दुकानात गेले. हे तुम्ही का विचारलं नाहीत, एवढंच म्हणायचं होतं.

काउंटरवर एक गिऱ्हाईक तावातावाने बोलत होतं. "मी कोल्ह्यासाठी काडतुसं मागतोय, तू माझ्या कामगारांच्या खोल्यांचं काय विचारतोस?"

भावजींनी कागद-पेन पुढे सरकवलं. "शेत काढा. कोल्हा कुठून येतो, मागे कोण राहतं, सगळं काढा. मग काडतुसं."

गिऱ्हाईक तणतणत यूसुफसाहेबांकडे गेलं. साहेब म्हणाले, "काढ बाबा. हा माझ्याकडूनही काढून घेतो."

हसा, हसा. साहेबही हसतायत.

मी पुस्तक पिशवीतून बाहेर काढलंच नाही.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. दर वर्षी प्रतापच्या तिथीला भावजी गावची कोकमाची सोलं घेऊन दारात उभे राहिले. मी पिशवी घेतली आणि दार लावलं. राग केव्हाच संपला होता. पण तो संपला म्हणायचं म्हणजे प्रताप खरंच गेले म्हणायचं, आणि ते मला जमत नव्हतं.

भावजी, सगळ्यांसमोर सांगते. काडतूस बरोबर होतं. एक प्रश्न विचारायचा राहिला, तो तुम्ही पुढे प्रत्येकाला विचारलात. त्या कागदांवरच्या खोल्यांत राहणारी माणसं तुम्हाला ओळखतही नाहीत, पण ती आहेत. प्रतापचं मरण तुमच्या सामानात बांधून नेऊ नका. ते माझं आहे, माझ्याकडे राहू द्या.

मंडळाचे, यूसुफसाहेबांचे आणि सांगूनही न ऐकणाऱ्या विनिताचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. इतकी वर्षं दार लावत आले, त्याची माफी फक्त भावजी देऊ शकतात. भावजी, उद्या दुपारी जेवायला या.