दादाच्या सायकलची सीट

तुम्ही हसाल, पण किडनीच्या पेशंटसाठी निघालेल्या सायकल रॅलीत मी कारंजापासून शेलूबाजारपर्यंत उभ्यानंच पॅडल मारत गेलो. सायकल माझ्या दादाची. दोन महिन्यांपूर्वी तो किडनीच्याच आजारानं गेला. तो उंच, मी बुटका; सीटवर बसलो की माझे पाय पुरत नव्हते. पण दादानं बसवलेली सीट कुणालाही हलवू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं.

उकाडा असा की अंगातलं पाणी सरलं. शेलूबाजारात घेरी आली आणि मी थेट दादाच्या ओळखीच्या पंक्चरवाल्या काकांच्या पाण्याच्या घमेल्यात पडलो.

"मराले निघाला का बे? सीट खाली काहून नाई करत?" म्हणत काकांनी पाना लावला.

मी त्यांचा हात धरला. "हात नोका लावू! दादानं बसवली हाय थे."

"मंग हे कोनं केलं?" त्यांनी सीटखालच्या दांड्यावर ओरखडलेली रेघ दाखवली. "आजारी पडल्यावर तुया दादानंच इथं बसून खिळ्यानं ओढली. म्हने, काका, आता सायकल लहाना चालवीन. त्याले सीट इथवर लागते."

मी हात सोडला.

पुढं मेडशीपर्यंत रडतच गेलो, पण बसून.