पंख्यातला खिळा

माझा पंप दुरुस्त होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. समोर एक म्हातारा नावाडी होडीचं इंजिन घेऊन मेकॅनिककडे आला होता.

"पाण्याखाली खडक लागला. होडीच्या तळाला नुसता ओरखडा आहे. इंजिन बघ बाबा."

"काका, पंखा वाकलाय. आतल्या गिअरचा पार भुगा झालाय."

"एवढ्याशा धक्क्याने?"

"पंख्याच्या पिनेच्या जागी हा पोलादी खिळा कोणी ठोकला?"

"मीच."

"अहो, पिन मुद्दाम पितळेची असते. धक्का बसला की ती तुटते, म्हणून इंजिन वाचतं."

"माहीत आहे रे."

"माहीत असूनही ठोकलात?"

"गेल्या वर्षी तुटली होती, ऐन पाण्याच्या मधोमध."

"मग दुसरी घालायची. पाच मिनिटांचं काम."

"दुसरी जवळ नव्हती. हिला दवाखान्यात नेत होतो. वल्ही मारून मारून काठ गाठला, तोवर हिचा हात गार पडला होता."

मेकॅनिकने पकडीने खिळा ओढून काढला.

"घ्या. एवढं सगळं मोडलं, पण हा केसभरही वाकला नाही."

"म्हणजे त्या दिवशी हा असता, तर पोचलो असतो."