सहावी टोपी

— नाही हो, सही देते ना, नाही कुठे म्हणतेय, फक्त आधी वाचू द्या. आणि हळू बोला, आत बाळ झोपलंय — तुम्ही बोलतच नाही म्हणा, मीच बोलतेय. तर शिडीवाल्याला कामावरून काढायचं, असं लिहिलंय यात. काढायचं म्हणजे कायमचं? अहो, तुम्ही सुपरवायझर, जरा समजून घ्या — मी तक्रारीत 'योग्य ती समज द्यावी' एवढंच म्हटलं होतं. बरं, 'गंभीर हलगर्जीपणा' असंही म्हटलं होतं. आणि 'अक्षम्य'. शाळेत निबंधाला बक्षिसं मिळायची मला, तो हात अजून आवरत नाही.

तुमची पद्धत पाठ आहे मला. माणसं राहतात त्या इमारतीत पाइपांचं वेल्डिंग, म्हणून सकाळी शिडीवाल्याने पॅसेजमधल्या स्मोक डिटेक्टरांवर लाल टोप्या चढवायच्या — नाहीतर धुराने घंटा कोकलत बसते — आणि काम थांबलं की तासभर राखण करून, कुठे काही धुमसत नाही ना बघून, टोप्या मोजून उतरवायच्या. आमच्या मजल्यावर पाच चढल्या, पाच उतरल्या, वहीत खाली अग्निसुरक्षा समितीची सही. समिती म्हणजे मी. एकटीच. निवडणुकीच्या वेळी मी घरी बाळाला पाजत होते, म्हणून एकमताने निवडून आले.

आणि मंगळवारी संध्याकाळी, तुमची माणसं गेल्यावर, रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांना माझ्या दारासमोरचा डिटेक्टर झाकलेला दिसला. तुमच्याच दारात आणि तुम्हीच गप्प कशा, म्हणाले. मग काय करणार — तिथल्या तिथे तक्रार लिहून दिली.

काय? वहीत माझीच सही आहे, पाचही उतरल्याची? असेल. म्हणजे, आहेच. मोजल्या होत्या मी, पाचच होत्या. मग ही सहावी — ती तुमची कशी असेल, तुमच्या टोप्या लाल, त्यांच्यावर बदकं कुठे असतात —

बसा. बसा जरा.

बाळाची आंघोळीची टोपी होती ती. तुम्ही गेलात की राहिलेल्या धुळीने तो एकच डिटेक्टर कोकलायचा, आणि आठ महिन्यांची पोर दचकून उठायची — चार दिवस धड झोप नाही, तिला नाही, मला नाही. स्टुलावर चढले आणि घातली, वरून दोन रबरबँड. झोपली हो ती. आणि मी दाराशी खुर्ची टाकून हवेचा वास घेत बसले, म्हणजे डिटेक्टरची नोकरी मीच धरली. तासाभरात टोपी काढणारच होते. पण डोळा लागला. दिवसभर वेल्डिंग झालेली इमारत, आत पोर, सातही मजल्यांवर माणसं, आणि राखणदार खुर्चीत घोरतोय. जाग आली तर समोर अध्यक्ष, बोट छताकडे. चष्मा घरी विसरलेले, देवाची कृपा. ते वळले तशी मी टोपी काढून खिशात घातली — आणि खिशात तीच असताना 'अक्षम्य' लिहिलं.

तो माणूस शिडी टेकवताना तिच्या पायांखाली फडकं घालतो, माहितेय तुम्हाला? आवाज नको म्हणून. मी सांगितलंही नव्हतं त्याला. बायकामुलं असतील ना त्याला? नका सांगू.

द्या तो कागद. इथे त्याचं नाव आहे, ते खोडते. 'दोषी कामगाराचे नाव' — आणि रहिवाशांसाठी रकाना कुठाय? नाहीच? आम्ही कधी चुकत नाही, हे छापूनच टाकलंय तुम्ही. असू दे, कामगार तर कामगार, मी तरी दिवसभर दुसरं काय करते. हे माझं नाव. हुद्दा? 'आई' लिहिलं तर हसतील. 'अग्निसुरक्षा समिती' लिहिते, त्यालाही हसतील, पण हसायलाच हवं.

घ्या. अध्यक्षांना वर जाऊन मीच सांगते, तुम्ही नका सांगू, तुम्ही सभ्य शब्दांत सांगाल. त्याला उद्या कामावर बोलवा. नाही, माझ्याकडे असं कौतुकाने बघू नका, मला ते झेपणार नाही. जा आता. दार हळू ओढा.