सुया की गोळी

परमुलखात, एस्प्लनेडच्या अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यात तान्ह्याला थोपटत बसलेल्या नूपुरच्या कानावर मागच्या बाकावरून अवचित मराठी पडलं.

“प्रेशरची गोळी चार दिवस बंद? आणि मला आज सांगताय?”

“अगं, हळू बोल. दोन्ही उपाय एकदम केले, तर डोक्यातला रक्तप्रवाह सुयांनी सुधारला की गोळीनं, हे कळणार कसं?”

“जन्मभर प्रयोगशाळेत उंदीर पाळलेत, आता स्वतःच उंदीर व्हा! मार्चमध्ये तोंड वाकडं झालं होतं, विसरलात?”

“म्हणूनच नीट तपासतोय.”

“सुया गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही, असं इथल्याच डॉक्टरांनी बजावलंय ना?”

“आणखी तीनच दिवस श्यामला, मग निष्कर्ष निघेल.”

“तो मला एकटीला वाचावा लागेल. उघडा तोंड!”

“पाणी तरी?”

नूपुरनं आपली बाटली मागे सरकवली.