हाताच्या रक्तातून

रक्त तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या पुढच्या बाकावर एक न्हावी आणि त्याची धाकटी बहीण रिपोर्टची वाट बघत होते.

"दादा, डोक्यातली गाठ हाताच्या रक्तातून कशी रे कळते?"

"गाठीचे बारीक अंश रक्तात उतरतात म्हणे. डॉक्टर तेच शोधतात. मागच्यासारखं कवटीला भोक पाडून तुकडा काढायला नको."

"म्हणजे या वेळी तुला माझं डोकं भादरावं लागणार नाही."

"नाही."

"वीस वर्षं गिऱ्हाइकांची डोकी करतोस, आणि माझ्याच कानाला वस्तरा लावलास."

"तू हसत होतीस, म्हणून लागला."

"मी हसत नव्हते, दादा."

आतून हाक आली. तो एकटाच गेला आणि बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"काय म्हणाले?"

"ऑपरेशन करायचं नाही म्हणाले."

"बघ! म्हणजे वाढली नाही ना?"

"वाढलीय गं. स्कॅनमध्येही तेच आलंय. आता उघडून उपयोग नाही म्हणाले."

तिनं कानावरून हळूच बोट फिरवलं.

"पाणी आणू?"

"नको. बस इथेच."

"आईचे दोन फोन येऊन गेले. काय सांगू तिला?"

"ऑपरेशन करायचं नाही म्हणाले, एवढंच सांग. खोटं तर नाही ना ते?"